पिवळ्या कार्डावरची सहल

गाडीत सीटा सात होत्या, माणसं दोन, पाण्याचे कॅन तीन, दुर्बीण एक, थर्मामीटर एक आणि पिवळी कार्डं दीडशे. मे महिन्यातल्या त्या रविवारी सौंदडहून निघण्याआधी गुंजन कापगतेनं हे सगळं दोनदा मोजलं. ती पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि एकदाच मोजलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता.

"मलेही दोनदा मोजलं का?" स्टिअरिंगवर बसलेला तिचा चुलतभाऊ प्रफुल म्हणाला.

गुंजनची योजना अशी होती, की तिच्यात चुकायला जागाच नव्हती. उन्हाळ्यात गोंदिया जिल्ह्यात कोण फिरायला येतं, असं लोक विचारतात. गुंजनचं म्हणणं, उन्हाळ्यातच यावं. तलावांचं पाणी आटतं, म्हणून पक्षी एका जागी गोळा होतात. सागाची पानं झडतात, म्हणून जंगल आरपार दिसतं. फक्त पहाटे पाचला सुरू करायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत घरी परतायचं. नवेगावबांधच्या तलावावर पक्षी, मग प्रतापगडाची चढण, वाटेत तेंदूची टेंभरं आणि चारोळ्या खायच्या, शेवटी इटियाडोह धरणाच्या भिंतीवर पोहे. सहलीचं नाव तिनं ठेवलं होतं, 'नवी वाट'.

अडचण होती ती गाडीची. गाडी वडिलांची. भैयालाल कापगते यांनी धान विकून ही जुनी सात सीटांची गाडी घेतली होती ती लग्नांच्या भाड्याला लावण्यासाठी. नवरदेव बसवला की गाडी पैसे आणते, बगळे पाहायला कोण पैसे देईल, असा त्यांचा सरळ हिशोब. आठवडाभर घरात वाद झाला. शेवटी त्यांनी लेकीला एक रविवार दिला.

"अठरा तारखेले लोक आले, तं दर रविवारची गाडी तुझी," ते म्हणाले. "नाही आले, तं सोमवारपासून गाडीले फुलं लागतीन."

म्हणून ही आठवडाभर आधीची फेरी. रस्ता मोजायचा, वेळ मोजायची आणि वाटेतल्या नातेवाइकांना कार्डं द्यायची. जाहिरात घरापासून सुरू करावी, ही प्रफुलची कल्पना.

आता कार्डाविषयी. गोंदियाच्या ज्या प्रेसमध्ये गुंजन गेली, तिथे दुर्गाप्रसाद नावाचे मालक लग्नपत्रिकांच्या ढिगाऱ्यात गळ्यापर्यंत बुडाले होते. ते म्हणाले, "मॅडम, अभी सीझन है. सादा कार्ड जून में मिलेगा. ये माल पडा है, ले लो, मंगल है." माल म्हणजे हळदीच्या रंगाचं जाड कार्ड, वरच्या कोपऱ्यात गणपती, दोन बाजूंना कलश. गणपती कोणत्याही कामाला चालतो, असा विचार करून गुंजननं ते घेतलं. मजकूर तिनं स्वतः तपासला, एक वेलांटी चुकू दिली नाही. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 'नवी वाट', त्याखाली 'कु. गुंजन भैयालाल कापगते, एम.एस्सी.', मग तारीख, वेळ आणि स्थळ: नवेगावबांध तलावाची पाळ. खाली 'सहकुटुंब, सहपरिवार यावे'. सहलीची सगळी माहिती मागच्या बाजूला होती. ती प्रेसवाल्यांनी पिवळ्या कार्डावर सोनेरी शाईनं छापली होती. भर दुपारच्या उन्हात कार्ड तिरपं धरलं, तर त्यातलं 'टेंभरं' वाचता येत होतं.

पहिलं घर नवेगावबांधला धुरपताबाईंचं. त्या भैयालालांच्या थोरल्या बहीण, गुंजनच्या आत्या. प्रफुल गाडीतच बसून राहिला, कारण एसी एकदा बंद केला तर तो पुन्हा सुरू होईलच, याची त्याला खात्री नव्हती. गुंजन एकटीच आत गेली आणि तिनं आत्याच्या हातात कार्ड ठेवलं.

धुरपताबाईंनी गणपती पाहिला. चष्मा शोधला, लावला, गुंजनचं नाव वाचलं. मग त्या मुलाचं नाव शोधू लागल्या. ते कुठंच नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. भाऊ आलेला नव्हता. लग्नाचं आमंत्रण घेऊन बाप येतो, बरोबर चार माणसं येतात, अक्षता येतात. इथं पोरगी स्वतःच स्वतःचं कार्ड वाटत होती.

झाडीपट्टीतली माणसं बोलायला रोखठोक. पण काही प्रसंगी ती अशी नाजूक होतात, की विचारू नका. धुरपताबाईंनी सगळं ओळखलं. पोरीनं आपल्या मनानं जमवलंय. भाऊ विरोधात आहे. म्हणूनच लग्न घरच्या मांडवात नाही, तलावाच्या पाळीवर, उघड्या बांधावर आहे, आणि तेही पहाटे पाचला. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. कार्डाला हळदकुंकू लावून ते देवापुढं ठेवलं, गुंजनची तांदूळ-नारळानं ओटी भरली आणि डोळे पुसले.

"तुह्या मनानं करून राहिली ना? मंग बरं करून राहिली," त्या म्हणाल्या. "बापाचं पाहू आपन."

गुंजनला भरून आलं. नव्या धंद्यामागे घरची वडीलधारी बाई इतकी खंबीरपणे उभी राहील, असं तिला वाटलं नव्हतं. किती जण येतील, असं तिनं विचारलं, तर आत्या म्हणाल्या, सगळेच.

गाडी गावाबाहेर पडायच्या आत धुरपताबाईंचे तीन फोन झाले होते. तिन्ही फोनमध्ये एक ताकीद होती: भैयालालला कळू द्यायचं नाही. कळलं तर तो कार्य मोडेल.

त्यामुळं प्रतापगडाच्या पायथ्याशी अनुसयाबाई मावशीच्या दारात रांगोळी होती. गुंजनला पाटावर बसवलं, ओवाळलं, नवी साडी दिली. गोठणगावला शालीकराम मामांकडे तर सुवासिनी जमल्या होत्या आणि लग्नघरात तळतात तसे वडे तळून तयार होते. मामांनी कार्ड हातात घेतलं, ते न वाचताच कपाळाला लावलं आणि सांगितलं, की आपण टेम्पो घेऊनच येऊ. मोठं सामान असेल. गुंजननं त्यांना नम्रपणे सांगितलं, की सोबत फक्त पाण्याची बाटली आणि टोपी आणावी. मामांनी मामीकडे पाहिलं. मामींनी पदर तोंडाला लावला. इतकी साधी पोर!

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर पाच नारळ, तीन साड्या आणि पायलीभर तांदूळ होते. गुंजननं निष्कर्ष काढला, की जिल्ह्यात पर्यटनाची भूक प्रचंड आहे, फक्त आजवर कुणी मोजली नव्हती. प्रफुलला इतकं पटलं नाही.

"वडे काऊन केले व त्याहिनं?" तो म्हणाला.

"आदरातिथ्य," गुंजन म्हणाली.

पुढच्या आठवड्यात नातेवाइकांपैकी एकानंही भैयालालांना फोन केला नाही. ते जेवताना म्हणायचे, सगळे कसे चूप बसले, कुणी मेलंबिलं का? गुंजन मात्र खुशीत होती. तिला रोज कुणाचा ना कुणाचा फोन येई, आणि प्रत्येक जण हळू आवाजात सांगे, की आम्ही येतो, घाबरू नको. परक्या माणसांतून एकच नाव आलं होतं. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारा हिमांशु नावाचा एक तरुण, बाहेरगावचा. त्याला पक्ष्यांचे फोटो काढायचे होते.

अठरा तारीख उजाडायच्या बेतात होती. गुंजन आणि प्रफुल पाळीशी पोचले तेव्हा तिथं आधीच अकरा गाड्या उभ्या होत्या. पाळीवर साड्यांची झळाळी, फेट्यांची टोकं, अत्तराचा वास. मामांच्या टेम्पोत एक नवाकोरा कूलर आणि एक दिवाण दोरीनं बांधलेला. चौसष्ट माणसं होती. गुंजननं दोनदा मोजली.

ती हरखून गेली. सात सीटांत चौसष्ट माणसं कशी बसवायची, याचा ती विचार करू लागली. पक्षी पाहायला येताना बायकांनी शालू का नेसावेत, हा प्रश्न तिनं नंतरसाठी ठेवला.

इतक्यात हिमांशु आला. गोरा, उंच, गळ्यात कॅमेरा, एकटा. सगळ्या पाळीवर कुजबुज धावली. मामांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, काय करता? तो म्हणाला, पायलट बन रहा हूँ. मामांनी मागं वळून मान हलवली. पुढच्या मिनिटाला हिमांशुच्या कपाळावर कुंकू होतं, डोक्यावर फेटा होता, हातात नारळ होता आणि अनुसयाबाई त्याच्या पायांवर पाणी घालत होत्या. त्याला वाटलं, सहलीच्या पॅकेजमध्ये हे धरलेलं आहे. तो फार खूश झाला आणि पाय धुतानाचा फोटो काढायला त्यानं प्रफुलकडे मोबाइल दिला.

प्रफुलनं फोटो काढला. मग त्यानं दिवाणाकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं, आणि तो सावकाश गुंजनजवळ आला. पण त्याला काही बोलता येण्याआधी मोटारसायकलचा आवाज आला. भैयालाल आले होते. लेकीच्या सहलीला कुणी येतं का, ते बघायला.

पाळीवरची माणसं सरसावली. शालीकराम मामांनी टेम्पोतून उडी मारली आणि ते वाटेत आडवे झाले. त्यांच्यामागं धुरपताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भाऊजी," मामा म्हणाले, "आता पोट्टीच्या मधात येऊ नका."

"मी कायले मधात येतो?" भैयालाल म्हणाले. "मी तं लोक आले का नाही, ते पाहाले आलो."

"आले. समदे आले. आता बापासारखा वाग भैया, आशीर्वाद दे," धुरपताबाई म्हणाल्या. "पोरगा चांगला हाये. विमान चालवते."

भैयालालांनी फेटा घातलेल्या हिमांशुकडे पाहिलं. मग गुंजनकडे पाहिलं. त्यांच्या हातातली मोटारसायकल स्टँडवर न लागताच आडवी पडली.

"हा कोन हाये व?" ते म्हणाले.

"सीट नंबर एक," गुंजन म्हणाली.

पुढची पाच मिनिटं काय झालं, ते सांगण्यासारखं नाही. सगळे एकदम बोलत होते. कार्डं निघाली, चष्मे निघाले, कुणीतरी मोबाइलचा उजेड तिरपा पाडला आणि मागची सोनेरी अक्षरं मोठ्यानं वाचली. 'पक्षी', 'चढण', 'टेंभरं'. एकेक शब्द ऐकून मामांचा चेहरा खाली जात होता. दिवाण दुकानदार परत घेत नाही, असं मामी म्हणाल्या. हिमांशुला कुणीतरी हिंदीत समजावलं, तेव्हा तो फेटा काढू लागला. पण आत्यांनी त्याला थांबवलं. पोराचा काय दोष?

मग सगळे गुंजनकडे पाहू लागले. नटूनथटून आलेली चौसष्ट माणसं, आणि मधे उभी असलेली, कान तापलेली गुंजन. आता ही माणसं परत जाणार, आणि सोमवारी गाडीला फुलं लागणार, एवढंच तिला दिसत होतं. तिनं वडिलांकडे पाहायचं टाळलं आणि समोरच्या पाण्याकडे पाहिलं. पलीकडं आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं.

"मी माफी मागते," ती म्हणाली. "पण पाच मिनिटांत सूर्य येतो. तेवढं थांबा. मग जा."

तिनं दुर्बीण आत्याच्या हातात दिली. धुरपताबाई या गावात नांदायला येऊन अर्धं आयुष्य झालं होतं. पाळीवर त्या गणपती बुडवायला येत आणि मयताला येत. दुर्बीण त्यांनी आधी उलटी धरली, मग सुलटी धरली, आणि मग बराच वेळ खाली घेतली नाही. पाण्यातल्या वाळक्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

"धोतरं वाळू घातल्यावानी दिसून राहिले," त्या म्हणाल्या. "व अनुसया, इकडं ये. माहा नंबर झाला का तुहा."

रांग लागली. शालू खोचून बायका पाळीवर बसल्या. मामा पुढं होऊन विचारू लागले, की तो लाल चोचीचा कोण, आणि तो उडाला की पुन्हा इथंच येतो का. गुंजन सांगत होती, तिचा आवाज आधी कापत होता, मग कापेना. सूर्य वर आला तरी कुणी जायचं नाव काढलं नाही. उलट मामांनीच विचारलं, की आता तुझ्या कार्डावर पुढं काय आहे?

पुढं प्रतापगड होता. तेरा वाहनांची ती मिरवणूक निघाली तेव्हा वाटेतल्या गावातली माणसं नवरी पाहायला ओट्यावर आली, आणि त्यांना फक्त कूलर दिसला. गडाच्या चढणीवर पैंजण वाजत होते. टेंभरं सापडली, तशी म्हाताऱ्यांनी पोरांच्या आधी झडप घातली. हिमांशु फेट्यासकट पुढं चढत होता, आणि त्याच्या मागं, आता कसलंच कारण नसताना, अनुसयाबाई पंख्यानं वारा घालत होत्या.

इटियाडोहच्या भिंतीवर पोहे पुरले नाहीत. मग ओटीचे नारळ फोडले. तिथं भैयालाल लेकीजवळ येऊन बसले. ते मोटारसायकलवर सगळीकडे मागोमाग आले होते.

"हे लोक लग्नाले आले होते," ते म्हणाले. "सहलीले नाही. माहा शब्द सहलीचा होता."

"लग्न नाही हे पाळीवर कळलं," गुंजन म्हणाली. "त्याच्यानंतर किती जन घरी गेले, बाबा?"

भैयालालांनी भिंतीवर नजर फिरवली. खाली पाण्याकडे हात करून मामा कुणाला तरी पक्ष्याचं चुकीचं नाव सांगत होते. भैयालालांनी बोटांवर हिशोब केला.

"दोन," ते म्हणाले. "आनि त्याहिले दुसरं लग्न होतं."

त्यांनी खिशातून गाडीची चावी काढली, तिच्या हातावर ठेवली, आणि उरलेला नारळ मागितला.

गुंजन अजून लग्नाची आहे, ही बातमीही धुरपताबाईंच्या फोनवरूनच गेली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुढच्या रविवारच्या सात सीटांसाठी अकरा नावं आली. त्यांतली नऊ लग्नाच्या मुलांची होती, आणि नोंदणी त्यांच्या आयांनी केली होती.