साळूबाईंची जर्मन जुगलबंदी

कवठे येमाईच्या साळूबाईंचं कुणाशी भांडण नव्हतं आणि पुढेही होणार नाही, याची त्यांना पुरेपूर खात्री होती. नेमच तसा घेतला होता. माणसाला वावगं बोलायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. घरात सून असताना हे दोन्ही नेम पाळणारी बाई शिरूर तालुक्यात दुसरी दाखवा, असं त्या स्वतः कधी म्हणाल्या नाहीत. दुसरं कुणी म्हणालं तर अडवतही नसत.

आता माणूस म्हटल्यावर पोटात साठतंच. त्याची सोय साळूबाईंनी केली होती. सकाळी आंघोळ झाली, देव्हाऱ्यापुढे समई लागली, की आदल्या दिवशी गिळलेलं सगळं त्या येमाईच्या कानावर घालत. कुकरची शिट्टी काढून ठेवल्यावर वाफ जाते ना, तसं. आवाज मात्र इतका बारीक, की घरच्यांना तो जप वाटायचा. मुलगा मच्छिंद्र तेव्हा घोरत असायचा, सून नीलम गोठ्यात धारा काढत असायची, आणि येमाई काही चार घरी सांगत सुटणारी नव्हती.

अशा या बंदोबस्ताच्या घरात केडगावचा सत्यजीत पाहुणा घेऊन आला. सत्यजीत साळूबाईंच्या बहिणीचा मुलगा. रांजणगावला जर्मन कंपनीत लागला आणि तिथली भाषाही शिकला. पाहुणा सत्तरीचा, ताडासारखा उंच, केस कापूस पिंजल्यासारखे. नाव उल्फ. ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आल्या आल्याच गावानं त्याचा उल्हासराव करून टाकला.

"मावशी, हे लई मोठं कलाकार हायेत," सत्यजीत म्हणाला. "तरुणपणी बँडमधी सिंथेसायझर वाजवायचे. मग सुरांचा कंटाळा आला. तवापास्नं निस्ती खरखर, घरघर, गुणगुण. तीच इलेक्ट्रॉनिक मशीनवर चढवत्यात, ताणत्यात, उलटी करत्यात. चाळीसेक रेकॉर्डी निघाल्या."

"खरखरीच्या?" मच्छिंद्रनं विचारलं.

"व्हय. पर एकट्याची एकबी न्हाई. कायम कुणाच्या तरी जोडीनं. फिनलंडच्या एका बाईसंगं हाय, ती बरफ वाजवती. एक जुन्या फ्रीजसंगं हाय. कव्हरवर फ्रीजचं नाव वर, ह्यांचं खाली."

"आन् त्यो फ्रीज कुठं असतो आता?"

"बंद पडला. त्यानंतर उल्हासरावांनी दोन वर्षं कामच केलं न्हाई."

साळूबाईंना गलबलून आलं. एवढा मोठा माणूस आणि साधी पेटी घ्यायची ऐपत झाली नाही, फ्रीजवर भागवलं. त्यांनी पाहुण्याच्या ताटात वाटीभर दूध जास्त ठेवलं.

सत्यजीत केडगावला परत गेला आणि उल्हासराव आठवडाभर घरात राहिले. हातात केसाळ बोंडकं लावलेली काठी, म्हणजे त्यांचा माईक, कानावर हेडफोन. गोठा, पंप, पिठाची गिरणी, सगळीकडे बोंडकं धरून उभे. मच्छिंद्रच्या घोरण्यापुढे तर त्यांनी खुर्ची टाकली. एके सकाळी ते देव्हाऱ्याच्या दारात येऊन बसले आणि हात जोडून, बसू का, असं डोळ्यांनी विचारलं. साळूबाईंनी क्षणभर विचार केला. ह्या बाबाला मराठीचं अक्षर कळत नाही. मांजर बसलं काय आणि हा बसला काय. त्यांनी पाट सरकवून दिला आणि नेहमीसारखं गाऱ्हाणं सुरू केलं. उलट कुणीतरी इतकं मन लावून ऐकतंय म्हटल्यावर, त्या आठवड्यात त्या जरा सविस्तरच बोलल्या.

मंगळवारी सत्यजीत मोठे स्पीकर घेऊन आला. साळूबाईंचा उपास होता. त्या शेंगदाणे निवडत बसल्या होत्या.

"मावशी, आज संध्याकाळी देवळाच्या मंडपात कार्यक्रम. उल्हासराव गावाला आपली नवी चीज ऐकवणार. आन् त्यांची जोडीदारीण कोण, ठावं हाय का? तुम्ही!"

"म्या काय वाजिवलं रं?"

"तुमचा जप की. सकाळी पुटपुटता त्यो. समदा भरून घेतलाय."

साळूबाईंच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. "तू ऐकलास?"

"छ्या. ते हेडफोन कुणाला देतात व्हय? आता मंडपातच ऐकायचं समद्यांनी."

अख्खं गाव मंडपात बसणार. आणि त्या आठवड्याच्या गाऱ्हाण्यात काय नव्हतं? सरपंच पोपटरावांनी नेऊन परत न केलेलं मोठं पातेलं होतं. आणि नीलमची भाकरी होती. नीलम म्हणजे पोटच्या लेकीसारखी, कामाला वाघीण. पण तिची भाकरी म्हणजे चपलेचा तळ. लग्न होऊन आल्यापासून साळूबाईंनी ती मुकाट्यानं चावली होती, एका शब्दानं पोरीचं मन दुखावलं नव्हतं. आणि आता तोच शब्द सगळ्या गावापुढे, स्पीकरवरून.

"सत्या, माजं ऐक. ते लावू नगं म्हणावं. त्यात ऐकण्यासारकं काय न्हाई."

सत्यजीतनं ते उल्हासरावांना जर्मनमध्ये सांगितलं. उल्हासरावांनी छातीवर हात ठेवला, डोळे पाणावले, आणि ते बराच वेळ काहीतरी बोलले.

"काय म्हणत्यात?"

"म्हणत्यात, असा विनय त्यांनी आजवर फक्त फ्रीजमधी बघितला. तुमचा आवाज आता दुप्पट मोठा लावणार."

संध्याकाळी मंडप भरला. मधोमध टेबल, त्यावर खुंट्याखुंट्यांची पेटी आणि शेवयांसारख्या वायरी. पहिल्या रांगेत पोपटराव सरपंच फेट्यात बसले होते. बायकांत नीलम पुढे बसली होती, नवी साडी नेसून, कारण सासूचा जप लागणार होता. साळूबाईंनी देवीकडे पाहिलं. देवीनं आज कशात पडायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं.

सुरुवातीला नुसतीच घरघर आली. जमिनीखालून रोडरोलर चालल्यासारखी. मंडपाचे पत्रे थरथरले. "मच्छिंद्रचं घोरनं हाय," ज्ञानू गिरणीवाल्यानं ओळखलं आणि मच्छिंद्र खांबामागं सरकला. मग त्या घरघरीतून एक बारीक कुजबुज वर येऊ लागली.

साळूबाई उठल्या. खोटं बोलायचं नाही, रागावायचं नाही, पण तीर्थ शिंपडायला कुणाची मनाई आहे? त्यांनी गडू घेतला आणि पेटीवर ओंजळभर शिंपडलं. पेटी तडतडली, स्पीकरातून कढईत मोहरी टाकल्यासारखा आवाज निघाला आणि कुजबुज थांबली. उल्हासरावांनी चमकून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी साळूबाईंना कमरेत वाकून नमस्कार केला आणि ती तडतडच पकडून गोल फिरवायला सुरुवात केली. कुजबुज परत आली. आता तिला ताल होता.

"मावशी, भारी," सत्यजीत कुजबुजला. "बरोबर जागेवर आलात."

साळूबाई निमूट बोर्डापाशी गेल्या आणि त्यांनी पिन उपटली. दिवे गेले, स्पीकरातून 'धप्प' असा आवाज आला. पण पेटी बॅटरीवरची, आणि एक स्पीकरही. अंधारात आवाज आणखीच खणखणीत झाला. उल्हासरावांनी तेवढ्यात साळूबाईंसाठी टाळ्या वाजवून घेतल्या. कुणीतरी पिन परत लावली आणि दिवे आले, तोवर शब्द ओळखू येऊ लागले होते.

"पातेलं…" स्पीकर म्हणाला. "पातेलं… पातेलं… पोपटराव… पातेलं…"

पोपटराव ताठ झाले. "हे कसलं स्तोत्र हाय?"

"पोपटराव… पातेलं… राव… राव…"

बायकांच्या बाजूनं त्यांच्या मिसेस भाग्यश्रीताई उठल्या. "अवो, आपल्या माळ्यावर ते मोठं पातेलं हाय, ते कुणाचं?"

"आपण घरी बोलू," पोपटराव फेटा सारखा करत म्हणाले.

आता भाकरीच येणार, हे साळूबाईंनी ओळखलं. त्यांना तो दिवसच आठवत होता. पातेल्यानंतर लगेच भाकरी. देवळात विजेवर चालणारं आरतीचं मशीन होतं. बटण दाबलं की नगारा, झांजा, घंटा एकदम सुटायच्या, इतक्या की शेजारी उभ्या माणसाला खुणेनं बोलावं लागे. साळूबाईंनी देवीला मनोमन हात जोडले आणि बटण दाबलं.

मंडपात आभाळ कोसळलं. पोरं रडायला लागली. आणि उल्हासराव? ते नाचले. आयुष्यभर शोधत होते ते जोडीदार हेच, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. जोडीदारणीनं एवढी उंच उडी घेतल्यावर आपण मागं राहायचं कसं? त्यांनी साळूबाईंचा आवाज मशीनच्याही वर जाईल इतका वाढवला.

"आई… नीलमची भाकरी…" सगळ्या कवठ्यानं ऐकलं.

साळूबाईंनी खांब धरला. नीलमनं मान वर केली. पुढचा शब्द ठरलेला होता.

"नीलमची भाकरी… भाकरी… नीलमची भाकरी…" आणि मग, "पोर गुणाची हाय… गुणाची हाय… हाय… हाय…"

चपलेचा तळ आलाच नाही. त्या सकाळी नेमका त्याच वेळी कोंबडा आरवला होता, आणि उल्हासरावांनी कुजबुज मोडणारा तेवढा तुकडा कापून टाकला होता. साळूबाई खाली बसल्या. येमाईनं कोंबड्याच्या रूपानं धाव घेतली होती.

नीलम धावत आली आणि सासूच्या गळ्यात पडली. "आत्या, तुम्ही रोज देवीम्होरं माझ्या भाकरीचं नाव घेता? मला वाटायचं तुम्हाला आवडतच न्हाई. गप खाता म्हणून." तिचे डोळे वाहत होते. शेजारच्या बायकाही पदरानं डोळे पुसत होत्या. आपल्या सासूनं आपली भाकरी देवापर्यंत कधी नेली नाही, हे प्रत्येकीला त्याच वेळी आठवत होतं.

"गुणाची हायेसच तू," साळूबाई म्हणाल्या. हे खरं होतं, म्हणून लगेच म्हणता आलं.

"बघा आता. चपाती बंद. उद्यापास्नं दोन्ही वखताला भाकरी. आन् आज तुमचा उपासबी भाकरीवरच सोडायचा."

घरी पानं मांडली तेव्हा पोपटरावांचा गडी पातेलं ओट्यावर ठेवून गेला होता. नीलमनं आज मायेनं थापली होती, म्हणजे नेहमीपेक्षा बोटभर जाड. पहिली भाकरी तिनं उल्हासरावांना वाढली. त्यांनी एक घास तोडायचा प्रयत्न केला. दुसऱ्या हाताची मदत घेतली. मग थांबले. भाकरी उचलली आणि ताटाच्या काठावर हलकेच आपटली. खण्ण. त्यांनी मान तिरकी केली, पुन्हा आपटली, कान लावला. आणि ताटावरून उठून, बोंडकं लावलेली काठी आणायला आत धावले.

नीलमचा चेहरा फुलला. "बघा आत्या, पाव्हण्यांनाबी आवडली."

साळूबाईंनी आपल्या ताटातल्या भाकरीकडे पाहिलं, नेम आठवला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"व्हय गं. आवाज चांगला हाय तिला."