जावईबापूंचं रीडिंग

"रायफल संपली," जावयाने जाहीर केलं.

बायकोचा चेहरा पडला. सासऱ्यांनी ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप परत खाली ठेवला. उद्या सकाळी तिची एअर रायफल नेमबाजीची निवड चाचणी होती आणि क्लबच्या तळघरातल्या रेंजवर या घडीला ही तिघंच होती. गेला आठवडाभर तिचे छरे इकडेतिकडे पडत होते. चुकतोय तो हात की रायफल, एवढंच तिला कळायला हवं होतं.

जावई भौतिकशास्त्रातला एमएस्सी, शाळेत तेच शिकवायचा. लग्नाला सहा महिने झाले, पण या घराने त्याचा सल्ला आजवर एकदाच घेतला होता, तोही मिक्सरबद्दल. त्यामुळे कोच बाईंकडून त्यांचा स्वतःचा क्रोनोग्राफ, म्हणजे छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, तो हौसेने मागून घेऊन आला होता. "जिवापाड जपा," बाई म्हणाल्या होत्या.

यंत्र तसं साधं. स्टँडवर एक पेटी, पेटीच्या वरच्या बाजूला एकामागे एक दोन सेन्सर आणि त्यांच्यावर दोन कमानी. कमानींतून छरा गेला की आधी पहिल्या सेन्सरवर सावली पडते, मग दुसऱ्यावर. मधल्या वेळावरून वेग निघतो आणि पेटीच्या नेमबाजाकडच्या तोंडावर आकडा उमटतो, सेकंदाला इतके मीटर. बायकोच्या पाच छऱ्यांचे आकडे आले १७४, ८८, ५१२, १९० आणि चक्क शून्य.

"म्हणजे एक छरा निघालाच नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, विखुरणं बघा ना केवढं आहे! हवेचा दाब सांभाळणारी झडप गेली असणार."

"असणार की गेलीय?"

"गेलीय," जावई ठामपणे म्हणाला. विखुरण्यावर त्याने प्रबंध लिहिला होता.

बायकोने कोच बाईंना फोन लावला. "बाई, तुमची जुनी रायफल मिळेल का? उद्यासाठी... हो, हा म्हणतोय माझी गेली." परक्या रायफलीने चाचणी द्यायची म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून परीक्षेला बसायचं.

बाई रायफल घेऊन घरून निघाल्या. तेवढ्यात सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली आणि पेटीवर आकडा झळकला. ३९१.



"माझा खोकला छऱ्याच्या दुप्पट वेगाने जातो वाटतं," सासरे म्हणाले.

जावयाने हळूच वर पाहिलं. छतावर ट्यूबलाइटी होत्या. ट्यूब डोळ्यांना स्थिर दिसते, पण सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते आणि सेन्सरला ती प्रत्येक मिणमिण सावली वाटू शकते. हे तो मुलांना शिकवत असे. त्याचे कान गरम झाले.

त्याने ट्यूब बंद केल्या आणि कमानींवर बॅटरीचे दोन दिवे बांधले. तरी आकडे नाचतच होते. मग लक्षात आलं, की यंत्र नळीच्या अगदी तोंडाशी ठेवलंय आणि छऱ्याबरोबर सुटणारा हवेचा फुत्कारही मोजला जातोय. त्याने स्टँड दोन पावलं पुढे सरकवला.

१७२. १७३. १७२. १७२.

"म्हणजे माझी रायफल ठीक होती?" बायकोने शांतपणे विचारलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तसं... मोजण्याची परिस्थिती..."

"ठीक होती की नव्हती?"

"होती."

"मग आठवडाभर माझाच हात चुकतोय तर."

आता तर धरणी दुभंगली असती तरी त्याची तक्रार नसती. काहीतरी भरून काढायलाच हवं होतं. "थांब, पूर्ण खात्री करू. शेवटचा मी मारतो. सेन्सरच्या जितका जवळून जाईल तितका आकडा पक्का."

"जावईबापू, जरा वर धरा," सासरे म्हणाले.

"बाबा, मी बघतोय ना. सेन्सरच्या दोन बोटं वर धरलंय."

त्याने नळीवर बसवलेल्या, नेम धरायच्या साइटमधून नीट पाहिलं. वाट मोकळी होती. पण डोळा साइटमधून बघतो आणि छरा नळीतून जातो, नळी साइटच्या चांगली तीन बोटं खाली असते, आणि हेसुद्धा तो मुलांना शिकवत असे.

टक्क! पेटीवरचा आकडा विझला. आकड्याच्या जागी एक गोल भोक होतं.

दार उघडून कोच बाई आत आल्या, खांद्यावर रायफलीची पेटी. "आलं का रीडिंग?"

सासरे खिशातली पट्टी काढून वाकले. आधी साइट आणि नळी यांच्यातलं अंतर मोजलं, मग सेन्सरपासून भोकापर्यंतचं.

"जावईबापू, दोन बोटं वर म्हणजे नक्की किती धरलं होतं?"

त्याने अंगठा आणि तर्जनी उघडून दाखवली. सासऱ्यांनी तीही मोजली आणि मान डोलावली. "तीनातून दोन गेले, एक बोट खाली. जिथे लागायला हवा तिथेच लागलाय. रायफल एकदम सरळ आहे पोरी. आणि नेम म्हणशील, तर याच्याइतका चुकीचा तू जन्मात धरणार नाहीस."

बायकोने भोकाला डोळा लावला. आठवडाभरात पहिल्यांदाच ती हसली, आणि मग तिला आवरेना.

"बाई, तुमची रायफल परत न्या," ती डोळे पुसत म्हणाली. "माझीच चालेल."

बाईंनी यंत्र उचलून कानाशी हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"आणि हे कुणी चालवलं?"

जावयाला वाचवायला सासरे मोठ्यांदा खोकले.

या वेळी पेटीवर काहीच उमटलं नाही.