पाण्यातल्या माशाचे वाटे

अजून पाण्यात असलेल्या माशाचे वाटे घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचा दामूभाऊ. तारापूरच्या एका कारखान्यात तो फिटर, मी स्टोअरकीपर, आणि दोघांच्या खोल्या कुंभवलीच्या एकाच चाळीत. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. गुरुवारी संध्याकाळी हा गृहस्थ दारोदार फिरून वाटणी जाहीर करायचा. डोकं नायरबाईंना, पोटाकडचे तुकडे बाळंतीण म्हणून शेजारच्या सुमनला, शेपटाकडचा भाग आमच्याकडे. मिश्राजी मासे खात नसत, पण त्यांनाही तो सोडायचा नाही. "मिश्राजी, आपको देखने का!"

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, हे मी चाळीत प्रत्यक्ष पाहिलं. डोकं कुणाचं यावरून नायरबाई आणि माझी बायको यांच्यात चांगला महिनाभर अबोला होता. ते डोकं तेव्हा खाडीत मजेत पोहत होतं.

मासा म्हणजे त्याच्या लेखी एकच, जिताडा. तोही अख्ख्या चाळीला पुरेल एवढा. नवापूरच्या खडकावर गळ टाकून बसायचा, लहानसहान शिंगाळी लागली की तिथल्याच बायकांना देऊन मोकळा. चेष्टेने कुणी डबा दाखवला की मात्र भडकायचा. "डबा काय दाखवता? टोप काढा, टोप!" वर्षानुवर्षं टोप घासून तयार आणि जिताडा बेपत्ता.

आणि दामूभाऊच्या निवृत्तीचा महिना आला. खोली सोडून तो गावी, माकुणसारच्या घरी जाणार होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शेवटच्या शुक्रवारी मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेलो. गेलो ते धीर द्यायला. मासा मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

भरती लागली. जिवंत कोळंबी गळाला लावून तो बसला, आणि एकदम दोर असा सणसणत सुटला की दामूभाऊ ताडकन उभाच राहिला. "आला रं! आला!" एक भलंमोठं धूड पाण्याबाहेर उसळलं, त्याने डोकं झाडलं आणि धाडकन परत पडलं. जवळच बोंबील वाळत घालणारी म्हातारी काम टाकून धावली. "खेचू नको, मेल्या! सैल सोड! दमू दे त्याला!" दामूभाऊ सोडतोय, ओढतोय, बोटं कापतायत, देवाला नवस आणि शिव्या एकाच दमात चालल्यात! मासा खडकाशी आला तेव्हा मी पँट-चपलांसकट चिखलात उडी मारली आणि त्याला मिठीच मारली. इतक्या आवेशाने मी आयुष्यात कुणालाही मिठी मारलेली नाही. बायकोने हे वाचू नये.

सायकलच्या कॅरिअरवर मासा आडवा टाकून आमची वरात चाळीत शिरली. टोपच टोप बाहेर आले. मिश्राजींनी सगळ्यांच्या आधी येऊन, हात मागे बांधून, आपला वाटा मनसोक्त पाहून घेतला. मग दामूभाऊने कोयता चालवला आणि ठरल्याप्रमाणे एकेक टोप भरला.

फळी रिकामी झाली तेव्हा माझ्या बायकोच्या लक्षात आलं. "भाऊजी, तुमचा वाटा?"

"मला कशाला, वैनी?" कोयता धुता धुता तो म्हणाला. "एकट्याला खायचा असता तर शिंगाळी काय कमी मिलत होती? रोज एकटाच जेवतो मी. एक दिवस समद्या घरांत माजं कालवन शिजावं, एवढंच मनात होतं. आता तिकडं कुनासाठी गळ टाकू?"

बायकोने त्याच्या हातातला कोयता काढून घेतला आणि त्याला आमच्या पाटावर बसवलं. हे ऐकून मग नायरबाई हट्टाला पेटल्या, सुमनच्या सासूने हात धरून ओढला. त्या दुपारी दामूभाऊ चाळीतल्या प्रत्येक घरी थोडं थोडं जेवला. सगळ्यांत शेवटी मिश्राजींकडे वरण-भाताला बसला. तिथे दुसऱ्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मिश्राजी गडबडले. "दाल में मिर्ची ज्यादा हो गई क्या?"

"हां, जरा जास्ती हाय," दामूभाऊ म्हणाला, आणि त्याने ताट पुढे केलं.