तीन नंबरचा खांब चाचणीला बसतो

भानखेड्याच्या पुलाचा तीन नंबरचा खांब सोमवारी सकाळी रीतसर किरकोळ रजा टाकून दाबचाचणीसाठी प्रयोगशाळेत आला. शेजारच्या खांबांनी त्याचं वजन वाटून घेतलं होतं, त्यामुळे वाहतूक सुरळीत होती.

वैजयंता खोब्रागडे मात्र त्याच्याआधीच दारात येऊन उभी होती. अभियंता म्हणून लागली त्या वर्षी तिनेच हा खांब ओतून घेतला होता, सिमेंटात वीजकेंद्राची राख मिसळून. बाकीचे चार निव्वळ सिमेंटचे. हा नापास झाला तर तो पाडायचा आणि राखेचं काँक्रीट जिल्ह्यातून कायमचं बंद, असं अधीक्षक टेकाडे साहेबांनी बजावलं होतं.

साहेबांनी खांबाला भोक पाडून रंगाचं औषध फवारलं. धड काँक्रीट त्याने गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू मुरलेल्या जागी रंग चढत नाही. खांब दोन बोटं आतपर्यंत कोराच राहिला. पुढे सळईपाशी तेवढा गुलाबी झाला.

"पाहा मॅडम. राखेमुळे चुना कमी, म्हणून हवा शिरली. संपला हा!"

"साहेब, हवा किती शिरली ते रंग सांगतो. ताकद नाही सांगत." वैजयंता रागाने म्हणाली. "चुन्याला हा वायू लागला की त्याचा दगड होतो, बारीक भोकं बुजतात."

"राख जास्त झाली तर उलट पोकळ होतं, माहीत आहे ना?"

"म्हणूनच बेताने घातली होती."

"अन् मी इथवर आलो कशाले?" खांब म्हणाला. "दाबून तर पाहा ना जी."

खांब यंत्रात उभा मावेना, म्हणून छपराचे पत्रे काढले. काटा चढू लागला. नेमून दिलेली ताकद केव्हाच मागे पडली. शेवटच्या आकड्याला काटा टेकला तेव्हा यंत्राने तेल गाळलं आणि वैद्यकीय रजा मागितली. साहेबांनी ती मंजूर केली, आणि दुसऱ्या कागदावर खांबापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं.

"जमलं ना बाई?" खांबाने विचारलं.

"जमलं रे बाबा, जमलं!" वैजयंताने त्याला कवटाळलं. हात पुरले नाहीत, पण आनंद मावत नव्हता.

मंगळवारी उरलेल्या चारही खांबांना ते झोंबलं. न विचारता रजा टाकून चौघेही प्रयोगशाळेच्या दारात रांगेत उभे राहिले. वैजयंता धावत नदीवर गेली.

पूल जागच्या जागी होता. खाली तीन नंबरचा एकटा उभा होता. वरून भरगच्च एसटी वेळेवर निघाली होती आणि खिडकीत टेकाडे साहेब हात जोडून बसले होते.