गोदाकाकू आणि रिकामं पोट

आमच्या गल्लीत एकदा तिरडी उचलायच्या वेळी गोदाकाकू पुढे आल्या आणि खांदेकऱ्यांना म्हणाल्या, “पोटात काई हाय का?” रडणारी माणसं रडायची थांबली. मी तर हादरलोच. काकूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. स्मशान लांब, माणसं उपाशी कशी जातील?

गोदाकाकू म्हणजे रिसोडातल्या आमच्या शेजारीण. लोक भेटल्यावर ‘कसं काय’ विचारतात, काकू पोटाची चौकशी करतात. मीटर वाचायला आलेला, कुरिअरवाला, चुकून दार वाजवलेला, सगळ्यांच्या हातात भाकर पडते. नको म्हटलं की, “काहून? माह्या हातची कडू लागते काय?” त्यांचे यजमान महादेवकाका कोपऱ्यात निमूट जेवत असतात. इतक्या वर्षांच्या संसारात काकांना बोलायला तोंड रिकामं मिळालंच नसावं, असं माझं ठाम मत होतं.

गेल्या वर्षी काकांच्या जठरात गाठ निघाली. ऑपरेशन वाशिमला ठरलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “रात्रीपासून अन्नाचा कणही नको.” काकूंचा चेहरा उतरला, पण मान डोलावली. सोबत मी होतो.

सकाळी स्ट्रेचर आलं. नर्सनं विचारलं, “बाबा, काही खाल्लं नाही ना?” काका छताकडे बघू लागले. काकू खिडकीबाहेर. आणि काकांच्या मिशीला भाकरीचा कण!

पहाटे बाथरूममध्ये नेऊन काकूंनी त्यांना दूध-भाकर चारली होती.

डॉक्टरीणबाईंनी स्ट्रेचर परत फिरवायला लावलं. मग म्हणाल्या, “आजी, भुलीत उलटी झाली असती तर ती फुफ्फुसात गेली असती. आणि भरलेलं जठर मी उघडलं असतं, तर हे सगळं पोटात सांडलं असतं. त्यातले जंतू आत पसरले की पू होतो. मग मी कितीही चांगलं शिवलं तरी माणूस वाचेलच असं नाही.” ऑपरेशन पुढे ढकललं.

“काकू, तुम्ही काकांना मारायलाच निघाला होतात!” मी वॉर्डभर ऐकू जाईल असा ओरडलो.

काकू म्हणाल्या, “माह्या मायले असंच उपाशी आत नेलं होतं, बाप्पा. पाणी मांगत होती. मी देल्लं नाई. परत आलीच नाई मंग. उपाशीच गेली.”

माझा राग कुठल्या कुठे गेला.

पुढच्या खेपेला काकू आदल्या संध्याकाळपासून खोलीच्या दारातच बसल्या. केळी घेऊन आलेल्या सख्ख्या दिराला त्यांनी हाकललं. “कण पोटात गेला तं आतून सडन माणूस! ने ते केळं बाहीर!” ज्या बाईनं जन्मभर या दिराला बळेच वाढलं, ती त्याच्या हातातली केळी बाहेर काढत होती. मी खुद्द काकूंना खायला बिस्किटाचा पुडा पुढे केला, तर मला हात जोडून नको म्हणाल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. काका शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी होती. काकू उशाशी उभ्या राहिल्या, पण त्यांना शब्द सुचेना. जे एक वाक्य येत होतं, ते आता विचारायची सोय नव्हती.

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाज नीट फुटत नव्हता, तरी म्हणाले, “गोदे, तुह्या पोटात काई हाय का?”

काकूंनी नाही म्हणून मान हलवली आणि भर वॉर्डात हमसून हमसून रडल्या.

काका माझ्याकडे वळले. “तिले पयले काई खाऊ घाल.”