दुपारी दोनचा तास

गुरुप्रसाद सरांनी आयुष्यभर बारावी कॉमर्सच्या मुलांना ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ हा विषय शिकवला. निवृत्त झाल्यावर राजारामपुरीतल्या घरात त्यांना करमेना, तेव्हा मुलगी मैथिलीनं त्यांचे धडे मोबाईलवर टिपून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. सर खुर्चीत ताठ बसत, आवाज एकाच पट्टीत ठेवत आणि कंपनी कायद्यातलं एक कलमही सोडत नसत. धडे उत्तम होते. बघायला कुणी नव्हतं.

मैथिलीचं म्हणणं पडलं की वेळ चुकतेय. तिनं बरंच वाचून संध्याकाळची सातची वेळ ठरवली, कारण पोरं तेव्हा क्लासहून घरी येतात. पण ती पोरं क्रिकेटची मॅच बघत बसली. मग भल्या सकाळची वेळ करून पाहिली. तेव्हा नृसिंहवाडीच्या आत्याखेरीज कुणी फिरकलं नाही, आणि आत्यासुद्धा भाऊ बरा दिसतोय एवढं बघून बंद करायची.

पुढचा धडा मैथिलीनं ऑफिसच्या गडबडीत चुकून दुपारी दोनला लावला. घरी येऊन पाहते तर शेकडो लोकांनी तो पाहिला होता, तोही शेवटपर्यंत. काहींनी तर संपल्यावर पुन्हा लावला होता. जयसिंगपूरच्या कुणा आक्कानं खाली लिहिलं होतं, ‘सर, रोज याच वेळेला टाका. लई उपकार होतील.’

सरांचे डोळे भरून आले. भर दुपारी, घरकाम उरकून एखादी बाई कंपनीच्या भागवाटपाचे, म्हणजे शेअर वाटपाचे नियम शिकत बसलीय, हे चित्र त्यांच्या मनातून जाईना. दोनची वेळ पक्की झाली. बघणारे वाढत गेले. ही गोष्ट त्यांच्या जुन्या कॉलेजात पोहोचली आणि प्राचार्यांनी त्यांना व्याख्यानाला बोलावलं. विषय होता, ‘विद्यार्थ्यांचं लक्ष शेवटपर्यंत कसं टिकवावं’.

व्याख्यानात दाखवायला एक खास धडा हवा म्हणून सरांनी तो उभं राहून शिकवला. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, आणि प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्याला पितळी घंटा वाजवली. तो धडाही दोनलाच गेला. तासाभरात खाली तक्रारींची रांग लागली. कुणी म्हणालं घंटा काढा, कुणी म्हणालं लहान बाळ दचकलं. आक्कानं लिहिलं होतं, ‘सर, यांची झोपमोड झाली. आदीचाच आवाज बरा होता.’

सरांनी ते दोनदा वाचलं. मग मैथिलीला विचारलं, “झोपमोड म्हणजे काय म्हणायचंय त्यांना?”

मैथिली खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बाबा, दुपारी दोनला लोक जेवून आडवे होतात.”

घसा बसल्याचं कारण सांगून सरांनी व्याख्यान रद्द केलं आणि धडे बंद केले. मैथिलीनं परोपरीनं समजावलं, पण ते मोबाईलसमोर बसेनात. आठवड्याभरानं आक्काचाच फोन आला. शंका विचारायला म्हणून सर प्रत्येक धड्याच्या शेवटी आपला नंबर सांगायचे. तिनं विचारलं, “सर, बरं न्हाय का तुमाला?”

सरांनी कडक आवाजात सांगितलं की हे धडे अभ्यासासाठी आहेत, झोपण्यासाठी नाहीत. तेव्हा आक्कानं सगळं सांगितलं. तिचे मालक आकाराम एस.टी.वर ड्रायव्हर होते. रातराणी चालवून चालवून झोप कायमची बिघडली, त्यात आता छातीचं ऑपरेशन झालेलं. गोळ्या सोसत नाहीत. “तुमचं ते भागप्रमाणपत्र लागलं की डोळा लागतोय बगा. आट दिस झालं, नुसतं आढ्याकडं बगत पडल्याती.”

तिच्याकडून पत्ता घेऊन दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, सर जयसिंगपूरला गेले. या माणसांना विषयाचं गांभीर्य समजावून सांगायचं, असं ते घरी म्हणाले होते. आकाराम कॉटवर पडले होते. डोळे लाल, गाल बसलेले. सरांना बघून उठायला लागले तर सरांनीच त्यांना थांबवलं. आकाराम हात जोडून म्हणाले, “सर, तुमी लई भारी शिकिवताय. म्या अजून शेवट ऐकला न्हाय, त्येवडं माफ करा.”

सर समजावायचं विसरले. खुर्ची कॉटजवळ ओढून त्यांनी कंपनीच्या सभांचा धडा सुरू केला. सभेची नोटीस कुणी काढावी, किती आधी काढावी, एकाच पट्टीत सांगत गेले. विषयपत्रिकेपाशी आकारामांचा डोळा लागला. थोड्या वेळानं दाराशी टेकलेल्या आक्काची मानही कलली. बिचारी इतके दिवस नवऱ्याबरोबर जागीच होती.

सर थांबले नाहीत. आवाज आणखी खाली आणून त्यांनी पुढचं कलम सांगितलं. सभेला पुरेशी गणसंख्या नसेल, म्हणजे हवे तितके सभासद हजर नसतील, तर अर्धा तास वाट पाहावी. तरीही ती पुरी झाली नाही, तर सभा तहकूब करून पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी भरवावी.

मग समोरच्या दोघांकडे बघत ते अर्धा तास गप्प बसून राहिले, आणि दार हळूच लोटून बाहेर पडले.

पुढच्या मंगळवारी दुपारी ते जयसिंगपूरच्या एस.टी.त होते.