लिफ्टचं दीर्घायुष्य

थोरल्याचं एक वागणं आईला मुळीच पटत नव्हतं. लिफ्टला तो तळहाताच्या फोडासारखं जपायचा आणि आईला म्हणायचा, "जरा जिन्याने जात जा ना, व्यायाम होतो." घर सातव्या मजल्यावर आणि आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

लिफ्ट चालवणारी चिप थोरल्याच्याच कंपनीची. तिच्यात म्हणे चार मेंदू. बटण दाबल्यापासून शतांश सेकंदात उत्तर देणं हे त्यांचं कर्तव्य. पण काम केलं की मेंदू तापतो आणि तापला की झिजतो, हे कंपनीच्या ध्यानात आलं. लगेच आयुष्यवर्धन समिती नेमली गेली.

समितीने आधी पाळ्या लावल्या. एकाने राबायचं, तिघांनी विसावा घ्यायचा.

"म्हणजे आपल्या घरासारखंच की," आई म्हणाली. "फक्त इथली पाळी कधी बदलत नाही."

पुढे पाळी बदलतानाही झीज होते असं आढळलं. म्हणून फेऱ्या घटवल्या, फेरीमागे सबळ कारण मागितलं. अखेर बिनतोड निष्कर्ष निघाला: न हलणाऱ्या लिफ्टची चिप साठ वर्षं टिकते. राहता राहिलं वेळेचं बंधन. तेही पाळलं गेलं. बटण दाबताच शतांश सेकंदात नकार येऊ लागला. रहिवाशांनी जिन्यात धापा टाकत समाधानपत्रावर सह्या केल्या.

चार महिने थांबल्यावर आईला गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. दहाच्या आत हजर नाही, तर नाव पुन्हा यादीच्या तळाशी. त्या दिवशी सकाळी साडेनऊला तिने बटण दाबलं. पडद्यावर झळकलं, 'आपली विनंती वेळेत नाकारण्यात आली आहे.'

"अरे, ऑपरेशन आहे म्हणून कळव की मेलीला!"

"कळवलं गं. ती म्हणते, ऑपरेशननंतर तुम्हाला लिफ्ट लागणारच नाही, मग आत्ता कशाला झिजू?" थोरल्याचा ऊर भरून आला. "पण आई, दोन महिन्यांत एकसुद्धा बिघाड नाही!"

जिन्यातल्या शेजाऱ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या.

आईने काठी भिंतीला टेकवली. "आपल्या काचेच्या कपाटातल्या कपबश्या तीस वर्षं टिकल्यात. पाहुण्यांसाठी! घरच्यांना कान तुटलेले कप. त्यालाच मी शहाणपण समजत आले, हे सगळेही समजतात. तुझ्या कंपनीने त्याचं नुसतं प्रमाणपत्र काढलं. तुझेही गुडघे अगदी नवेकोरे दिसतायत रे. वाक. पाठीवर घे मला."